जुम्मापट्टी: माथेरानच्या गाडीचं पहिलं स्टेशन आणि तिथे नेमकं काय बघायचं

नेरळहून माथेरानची गाडी सुटली की पहिलं स्टेशन लागतं जुम्मापट्टी. बहुतेक प्रवासी तिथे फार तर चहा घेतात, पाटीसमोर फोटो काढतात आणि शिट्टी झाली की परत डब्यात. आमच्या मते सबंध लाईनवर उतरून बघण्यासारखी सगळ्यात चांगली जागा हीच आहे. वर माथेरानच्या पॅनोरमा पॉइंटच्या अंगाला दिसणारा देखावा मोठा, यात वाद नाही. पण ही रेल्वे डोंगर चढते कशी, दोन फुटांचाच रूळ का घातला, पावसाळ्यात गाडी बंद का ठेवावी लागते, हे सगळं जुम्मापट्टीच्या आसपास उघड्या डोळ्यांनी दिसतं. म्हणून हे परीक्षण गाडीपेक्षा या छोट्या स्टेशनाचं जास्त आहे.

कोकणातल्या माणसाला रेल्वे म्हटलं की कोकण रेल्वे आठवते. रूळ १,६७६ मिलिमीटर अंतरावर, चढ जास्तीत जास्त १५० मीटरला १ मीटर, आणि वळणं इतकी सैल की त्रिज्या १,२५० मीटरच्या खाली जाऊ नये असा आखणीचा नियम. तो नियम पाळायचा तर सह्याद्रीचे सुळके कापत जावं लागतं. म्हणून तिथे नव्वदच्या वर बोगदे आहेत, एकट्या करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा. त्याच कोकणात, रायगडच्या कर्जत तालुक्यात, नेमक्या उलट विचाराने बांधलेली लाईन उभी आहे. रुळांमधलं अंतर ६१० मिलिमीटर, चढ २० मीटरला १ मीटर, सगळ्यात आवळ वळणाची त्रिज्या १८ मीटर, आणि २१ किलोमीटरच्या वाटेवर बोगदा एकच. डोंगर फोडायचा नाही, त्याच्या अंगाअंगाने जायचं, असा हा हिशोब. साडीच्या निऱ्या पडाव्यात तशी लाईन एकावर एक दुमडत वर जाते.

१९०४ ते १९०७ या काळात अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी ही लाईन बांधली. पैसा त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांचा, खर्च त्या वेळचे १६ लाख रुपये. नॅरोगेजचे (अरुंद रुळांच्या रेल्वेचे) जाणकार एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचा सल्ला घेतला होता. १९०७ साली गाडी सुरू झाली. सुरुवातीची चार वाफेची इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाईन अँड कोपेल कारखान्यातून आली. सहा चाकांची ही इंजिनं एवढ्या आवळ वळणावर अडकू नयेत म्हणून त्यांचे पुढचे-मागचे आस पोकळ केले होते आणि ते आडवे सरकू शकत. क्लीन-लिंडनर पद्धत म्हणतात तिला. पुढे डिझेल इंजिनं आली. आधी युंग कारखान्याची एनडीएम-१, आणि आता ओढतात ती एनडीएम-६.

आता स्टेशनाकडे. जुम्मापट्टी म्हणजे लहानशी इमारत, जमिनीच्या जेमतेम वर असलेला फलाट, पिवळी पाटी आणि गाड्या एकमेकींना ओलांडून जाव्यात म्हणून घातलेली बाजूची लाईन. आजूबाजूला आदिवासी वाड्या आहेत. नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्याकडे जाणारा डांबरी रस्ता इथेच लाईनला भेटतो आणि परत सुटतो. या भेटीमुळेच हे स्टेशन उपयोगाचं आहे, कारण गाडीचं तिकीट नसलं तरी इथे येता येतं. नेरळहून चढणारी गाडी साधारण अर्ध्या-पाऊण तासात इथे पोचते. तोपर्यंत निम्म्या प्रवाशांना वाटायला लागलेलं असतं की गाडी फारच हळू चालते. चालतेच. चढ पाहता वेगाची मर्यादा कडक आहे. २१ किलोमीटरला २ तास ४० मिनिटं म्हणजे ताशी सरासरी ८ किलोमीटरच्या आसपास, माणसाच्या झपाट्याच्या चालीपेक्षा थोडं जास्त. हे ज्याला चालणार नाही त्याने टॅक्सी करावी, गाडीला दोष देऊ नये.

वळणावर काय ऐकायचं

गाडी स्टेशनात येण्याआधी रस्त्याच्या कडेला, लाईनपासून सुरक्षित अंतरावर उभं राहावं. वळणावर चाकांचा एक तीव्र, दात शिवशिवतील असा आवाज येतो. तो बिघाडाचा नाही, त्याला कारण आहे. रेल्वेची दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात, एक जितकं फिरेल तितकंच दुसरंही फिरणार. वळणावर मात्र बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा लांब पडतो. दोन फुटी लाईनवर अर्धवर्तुळाचं वळण घेतलं तर हा फरक जवळपास १.९ मीटर येतो. चाकाची धाव (रुळावर टेकणारा भाग) थोडी उतरती, शंकूच्या आकाराची केलेली असते. बाहेरचं चाक जाड भागावर आणि आतलं बारीक भागावर चालून बराच फरक त्यात जिरतो. पण त्रिज्या १८ मीटरची असली की सगळा जिरत नाही. उरलेल्या फरकापोटी एक चाक रुळावर घसटत जातं आणि बाहेरच्या चाकाची कड रुळाच्या आतल्या अंगावर घासते. तोच हा आवाज.

पुरावा बघायचा तर गाडी गेल्यावर, फाटकाच्या जागी रस्त्यावरूनच बाहेरच्या रुळाकडे नजर टाका. त्याच्या आतल्या अंगाला, माथ्यापासून खाली उतरणारा एक चकचकीत पट्टा दिसतो. आतल्या रुळाचा तोच भाग गंजाच्या रंगाचा असतो. बाहेरचा रूळ असा एका अंगाने झिजत जातो, म्हणून आवळ वळणांवर रुळाच्या कडेला वंगण लावत राहावं लागतं आणि ठरावीक झीज झाली की रूळ बदलावा लागतो. ब्रॉडगेजवर अर्धवर्तुळातला हाच फरक ५.३ मीटर पडला असता. दोन फुटांचा रूळ स्वस्तात बसतो हे खरंच, पण असल्या वळणांवर तो मुळात चालू शकतो, हे त्याहून महत्त्वाचं कारण.

चढाचंही तसंच. १:२० हा आकडा कागदावर साधा वाटतो. समजा डबा ८ मीटर लांब धरला, तर त्याचं पुढचं टोक मागच्यापेक्षा ४० सेंटिमीटर उंच असतं. बोरघाटात जिथे मोठ्या गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात, तिथला चढ १:३७ आहे. इथे त्याच्या जवळजवळ दुप्पट. लाईन सगळीकडे एवढी उभी नाही. नेरळ समुद्रसपाटीपासून ४० मीटरच्या आसपास आणि वरचं स्टेशन साडेसातशेच्या घरात, म्हणजे सरासरी साधारण १:३० पडते. खरा उभा चढ जुम्मापट्टी सोडल्यावर, भेकरा खिंडीच्या अंगाला लागतो. म्हणून जुम्मापट्टीला गाडी सुटताना इंजिनाच्या आवाजाकडे लक्ष द्यावं. चालक एकदम जोर लावत नाही, आधी डब्यांमधले दांडे ताणले जाऊ देतो, मगच इंजिन भरतो. जोर घाईने दिला तर चाकं जागच्या जागी फिरतात, विशेषतः रुळावर दव किंवा ओली पानं असतील तेव्हा.

दुपारी उतरणारी गाडी बघितली तर गोष्ट उलटी. तेव्हा इंजिन शांत आणि ब्रेक कामाला. पूर्वी डब्यांवर खलाशी उभे असत, चालकाच्या शिट्टीच्या खुणेवर ते हाताने चाक फिरवून ब्रेक आवळत. आता हवेच्या दाबाचे ब्रेक आहेत, त्यामुळे सगळे डबे एका वेळी धरले जातात. जुम्मापट्टीपर्यंत उतरून आलेल्या गाडीच्या चाकांजवळ करपट वास येतो, तो तापलेल्या ब्रेकचा. घाबरायचं कारण नाही. धूर मात्र दिसला तर गार्डला लगेच सांगावं.

स्टेशनावरच्या सोयी

सोयी बेताच्या आहेत. बसायला जागा आहे, झाडांची सावली आहे, पण एकाच वेळी सहा डब्यांचे प्रवासी उतरले तर दोन्ही अपुरी पडतात. पिण्याचं पाणी नेरळलाच भरून घ्यावं, माणशी एक लिटर तरी. गाडीत शौचालय नाही, हे लहान मुलांच्या आणि वयस्कर मंडळींच्या सोबत असणाऱ्यांनी पक्कं ध्यानात ठेवावं. मोठ्या गाडीच्या फलाटावर सगळं उरकूनच छोट्या गाडीत बसावं. फलाट बुटका असल्यामुळे डब्यात चढायला पाय बराच उचलावा लागतो. गुडघे दुखणाऱ्यांनी जुम्मापट्टीला उतरण्याआधी परत चढता येईल का याचा विचार करावा. सोबतचा माणूस आधी खाली उतरून हात देणारा असावा.

थांबा लहान असतो. चहा घ्यायचा की स्टेशन बघायचं, दोन्हीपैकी एकच नीट होतं. गाडी सुटायच्या आधी इंजिनाची शिट्टी होते आणि गार्ड हिरवा बावटा दाखवतो. तेवढ्यात डबा गाठता येईल इतक्याच अंतरावर राहावं. चालत्या गाडीत चढायचा मोह वेग कमी असल्यामुळे फार होतो. करू नका. पायरी अरुंद असते आणि फलाट संपला की खाली खडी असते.

खाण्याचं म्हणाल तर वडापाव, चहा, लिंबू सरबत, मीठ-तिखट लावलेली काकडी आणि कैरी. वडापाव ठीक, नेरळ स्टेशनाबाहेर गरम मिळतो तो याहून चांगला. इथली खरी गोष्ट आहे रानमेवा. एप्रिल-मे महिन्यात ठाकर आणि कातकरी बायका करवंदं घेऊन येतात, पळसाच्या पानांच्या द्रोणात भरलेली. घेताना रंग बघावा. पूर्ण काळं, बोटाने किंचित दबणारं करवंद पिकलेलं. लालसर असेल तर आंबट, आणि देठाशी चीक असतो तो ओठांना चिकटतो. फोडल्यावर आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी, हा खेळ मुलांना इथेच शिकवावा. करवंदं संपता संपता जांभळं येतात. मे अखेरीची जांभळं लहान आणि तुरट, पण झाडावरून त्याच सकाळी उतरवलेली. भावाची घासाघीस करू नका. एका टोपलीमागे पहाटेपासूनची रानातली मेहनत असते आणि गाडी थांबते तेवढ्यातच विक्री व्हायची असते. सुट्टे पैसे जवळ ठेवावेत, घाटात मोबाईलची रेंज येते-जाते आणि ऑनलाईन पैसे अडकले की गाडी थांबत नाही.

माकडं आहेत. हातात पिशवी दिसली की येतात, प्लास्टिकचा आवाज त्यांना लांबून कळतो. खायचं डब्यात झाकून ठेवा आणि त्यांना काही टाकू नका. टाकलेल्या खाण्यामागे ती रुळावर येतात. द्रोण रानात गेला तर चालेल, तो कुजतो. बाटली आणि वेष्टन मात्र परत आणायचं. माथेरान आणि भोवतालचा हा परिसर २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे.

पावसाळा

जून ते ऑक्टोबर नेरळ ते अमन लॉज (माथेरानच्या आधीचं, दस्तुरी नाक्याजवळचं स्टेशन) हा भाग बंद असतो. वर अमन लॉज ते माथेरान ही छोटी फेरी हवामान बघून चालू ठेवतात. यावर दरवर्षी नाराजी ऐकू येते. जुम्मापट्टीच्या आसपासचा डोंगर बघितला की ती नाराजी राहत नाही. माथेरानच्या माथ्यावर जांभा आहे, खाली काळा कातळ. कोकणात विहीर खणलेल्या कुणालाही माहीत आहे की जांभा पाणी पितो. माथ्यावर मुरलेलं पाणी कातळाच्या थरांवरून वाट काढत डोंगराच्या अंगाला फुटतं आणि सोबत माती, दगड घेऊन लाईनवर येतं. लाईनच्या डोंगराकडच्या बाजूला गटार काढलेलं असतं आणि ठिकठिकाणी पाणी खालच्या अंगाला सोडायला मोऱ्या असतात. एक मोरी पालापाचोळ्याने तुंबली तरी पाणी रुळाखालून वाट काढतं.

पुढचं नुकसान दिसायला लहान असतं. खडीमध्ये माती भरली की पाण्याचा निचरा थांबतो. निचरा थांबला की स्लीपर (रुळांखालचा आडवा ठोकळा) गाडीखाली डोलायला लागतो, आणि एका बाजूचा रूळ दुसऱ्यापेक्षा काही मिलिमीटर खाली बसतो. सरळ लाईनवर एवढं खपून जातं. १८ मीटरच्या वळणावर मात्र बाहेरच्या चाकाची कड आधीच रुळाला रेटून चाललेली असते. त्यातच चाकावरचं वजन हलकं झालं तर कड रुळावर चढते आणि डबा उतरतो. नॅरोगेजवर डबे घसरण्याचं हे नेहमीचं कारण.

या लाईनने हे बरंच भोगलंय. २६ जुलै २००५ च्या पावसात लाईन जागोजागी वाहून गेली आणि पूर्ववत व्हायला २००७ उजाडलं. २०१६ च्या मे महिन्यात अमन लॉजच्या बाजूला डबे घसरले, गाडी बंद झाली. अमन लॉज ते माथेरान २०१७ च्या ऑक्टोबरअखेर आणि नेरळपासूनची गाडी २०१८ च्या जानेवारीत परत धावली. हवेचे ब्रेक त्या बंदच्या काळात बसले. २०१९ च्या पावसाने पुन्हा लाईन मोडली. वरची फेरी त्याच वर्षाअखेर सुरू झाली, पण नेरळपासूनची गाडी थेट २२ ऑक्टोबर २०२२ ला. त्या दुरुस्तीत काँक्रीटचे स्लीपर घातले, दरीकडे कठडे उभे केले आणि माती धरून ठेवायला तारेच्या जाळीत दगड भरून भिंती रचल्या. अशा भिंती सिमेंटच्या भिंतीपेक्षा इथे जास्त कामाच्या, कारण दगडांच्या फटीतून पाणी निघून जातं. मागे पाणी साचलं की चिरेबंदी भिंतही फुगते आणि आडवी होते. गाडीतून जाताना दरीच्या बाजूला त्या ओळखू येतात.

बंदच्या काळात जुम्मापट्टीला गर्दी होते ती धबधब्यांसाठी. शनिवार-रविवारी रस्ता तुंबतो. प्रशासन पावसाळ्यात धबधब्यांवर बंदीचे आदेश काढतं, ते निघण्याआधी बघून घ्यावेत. रुळावरून माथेरानपर्यंत चालत जाण्याची जुनी हौस बऱ्याच जणांना आहे. आमचं मत स्पष्ट आहे: जाऊ नका. परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत चालणं गुन्हा आहे, हे एक. दुसरं, पावसात ज्या कारणाने गाडी बंद ठेवली त्याच कारणाने ती वाट माणसालाही धोक्याची असते. शिवाय दुरुस्तीच्या सामानाची गाडी केव्हाही येते आणि वळणापलीकडून तिचा आवाज पावसात कळत नाही.

कसं पोचायचं

गाड्यांचा साचा असा: सकाळी नेरळहून दोन वर जातात, दुपारी माथेरानहून दोन खाली येतात. २०२२ पासून चालत आलेल्या वेळांप्रमाणे वर जाणाऱ्या ८.५० आणि १०.२५ ला, खाली येणाऱ्या २.४५ आणि ४ ला. हंगामागणिक थोडा फरक होतो, म्हणून आदल्या दिवशी खात्री करावी.

तळकोकणातून येणाऱ्यांनी कोकणकन्या किंवा तुतारी धरावी आणि पहाटे ठाण्याला उतरावं. तिथून कर्जत किंवा खोपोली लोकल, नेरळपर्यंत सव्वा तासाच्या आसपास. कल्याणला फाटा आहे. कसारा लोकलमध्ये बसलात तर भलत्याच घाटात जाल, आणि अंबरनाथ, बदलापूर लोकल नेरळच्या आधीच संपतात. बदलापूर, वांगणी, शेलू आणि मग नेरळ, हा क्रम लक्षात ठेवावा. रात्रीच्या गाडीला उशीर झाला तर पहिली छोटी गाडी हुकते, दुसरी मिळू शकते. म्हणून बेत पहिलीचा करावा आणि दुसरी हातची ठेवावी. दिव्याला येणाऱ्या दिवसाच्या गाडीने आलात तर त्या दिवशी वर जाणं जमत नाही, कल्याण, कर्जत किंवा नेरळला मुक्काम करावा लागतो. पेण, रोहा, अलिबागकरांना गाडीरस्ता सोपा: पनवेल, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने चौक, तिथून कर्जत आणि नेरळ.

तिकिटासाठी शनिवार-रविवारी, दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्टीत लवकर रांग लावावी. डबे सहाच, त्यातले तीन दुसऱ्या वर्गाचे, एक पहिल्या वर्गाचा किंवा काचेच्या छताचा, आणि दोन दुसरा वर्ग अधिक सामानाचे. जागा झटकन संपतात. मधल्या वारी, जानेवारी-फेब्रुवारीत, सहज मिळतं. काचेच्या छताच्या डब्याबद्दल आमचं मत: मुलांना आवडतो, पण या गाडीची मजा उघड्या खिडकीत आहे. आवाज, वास आणि वारा बंद काचेआड निम्मा होतो. दुसऱ्या वर्गाची खिडकीची जागा आम्ही पहिली निवडू. डावी बाजू की उजवी, यावर भांडू नका. लाईन इतक्या वेळा उलटी फिरते की दरी दोन्हीकडे येते. मान आणि हात मात्र आत. कातळ कापलेल्या जागी डोंगर खिडकीपासून हातभर अंतरावर असतो. मोठ्या बॅगा आणू नका, बाकांमध्ये त्या मावत नाहीत आणि दार अडवतात. वळणांनी ज्यांना मळमळतं त्यांनी सकाळी पोटभर नाश्ता टाळून आलं किंवा आवळासुपारी जवळ ठेवावी.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. टॅक्सीने दस्तुरी नाक्याला जाऊन अमन लॉजहून माथेरानची फेरी घेतली, तर तीही याच लाईनची गाडी, पण तो शेवटचा सपाटीचा तुकडा आहे. घाट, भेकरा खिंड, बोगदा आणि जुम्मापट्टी सगळं खाली राहतं. मुलांना छोट्या गाडीत बसवायचं एवढंच असेल तर ती फेरी पुरेशी. रेल्वे बघायची असेल तर नेरळहूनच बसायला हवं.

तिकीट मिळालंच नाही तर नेरळ स्टेशनाबाहेरून दस्तुरीची शेअर टॅक्सी धरून जुम्मापट्टीला उतरावं. मधे उतरलात तरी पैसे साधारण पूर्ण सीटचे पडतात, हे आधी विचारून घ्यावं. दोन्ही चढणाऱ्या गाड्यांमध्ये दीड तासाचं अंतर आहे, त्यामुळे एकाच सकाळी दोन्ही बघून होतात. पहिली फाटकाच्या बाजूने बघावी, वळणावरचा आवाज आणि चाकं तिथून कळतात. दुसरी स्टेशनाच्या वरच्या अंगाला, रस्त्याच्या कडेने, चढाला लागताना. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पहिल्या गाडीच्या वेळी रुळावर दव असतं आणि ऊन तिरपं, फोटोही चांगले येतात. मे महिन्यात दहानंतर तिथे उभं राहवत नाही.

परतीची टॅक्सी हीच खरी अडचण. वरून येणाऱ्या गाड्या दस्तुरीलाच भरून निघतात आणि मधल्या माणसासाठी थांबत नाहीत. उतरतानाच चालकाशी परतीची वेळ बोलून ठेवावी, नाहीतर नेरळपर्यंत उताराचा रस्ता पायी धरावा. जायचं तर डांबरी रस्त्यानेच, वळणांवर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बेताने.